बारशाआधी थोडी चौकशी

घरात पाळणा हलणार हे कळलं की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांच्या याद्या सुरू होतात. मावशी एक यादी टाकते, काका दुसरी, आणि पुण्याची चुलत बहीण कुठल्याशा ॲपचे स्क्रीनशॉट टाकत सुटते. अटी ठरलेल्या असतात. नाव दोन-तीन अक्षरी हवं, 'अ'वरून असलं तर फारच छान, वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं आणि अर्थ चांगला असावा. या शेवटच्या अटीवर सगळे जोर देतात आणि चौकशी नेमकी तिचीच कुणी करत नाही. ॲपमध्ये नावापुढे 'तेजस्वी', 'देवाची देणगी' किंवा 'राजकन्या' असं काहीतरी छापलेलं असतं, तेवढ्यावर भागतं. नावं हजार आणि अर्थ मोजून दहा, हे कसं काय, असा प्रश्नही कुणाला पडत नाही.

बाळाचं नाव शोधणाऱ्यांसाठी हा लेख आहे, तसाच आपल्या पणजोबांचं नाव असं विचित्र का होतं हे ज्यांना कळून घ्यायचंय त्यांच्यासाठीही. उदाहरणं बरीचशी मुंबईतल्या मढची आणि आसपासची घेतो, कारण एवढ्याशा जागेत इतक्या भाषांतली नावं मुंबईतही क्वचितच सापडतात. वर्सोव्याहून तरीत बसा किंवा मालाड स्टेशनवरून २७१ नंबरची बेस्ट पकडा. उतरल्यावर हाकेच्या अंतरात हिंदू कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि मुसलमान घरं आहेत. शूटिंगच्या बंगल्यांवर कामाला आलेली देशभरची माणसंही आहेत. एकीकडे हरबादेवीचं आणि मढच्या किल्ल्याला खेटून किल्लेश्वराचं देऊळ, दुसरीकडे एरंगळला समुद्राच्या काठावर १५७५ सालचं सेंट बोनाव्हेंचर चर्च. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे तो इंग्रजांकडे गेला. सत्ता गेल्या, त्यांनी आणलेली नावं मात्र माणसांच्या अंगावर राहिली.

चर्चच्याच नावापासून सुरुवात करू. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एरंगळच्या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. त्यांतल्या किती जणांना बोनाव्हेंचर म्हणजे काय हे ठाऊक असेल, कोण जाणे. हा तेराव्या शतकातला इटलीचा संत. बाप्तिस्म्याचं नाव जोव्हान्नी, म्हणजे इंग्रजीतला जॉन. आख्यायिका अशी की लहानपणी तो आजारातून उठला तेव्हा असिसीच्या फ्रान्सिसच्या तोंडून 'केवढं हे सुदैव' अशा अर्थाचे इटालियन शब्द निघाले आणि तेच पुढे त्याचं नाव झालं. आख्यायिकेचं खरंखोटं बाजूला ठेवा. शब्दाचा अर्थ 'सुदैव', ठेवण्याचं कारण 'मूल वाचलं', आणि ते एरंगळपर्यंत आलं पोर्तुगीज पाद्र्यांच्या वाटेनं. अर्थ, वाट आणि कारण या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नावाची चौकशी करताना तिन्ही वेगवेगळ्या विचाराव्या लागतात. ॲप फक्त पहिलीचं उत्तर देतं, आणि बऱ्याचदा तेही चुकीचं.

तर पहिला प्रश्न: नाव कुठल्या भाषेतलं आहे? हे न ठरवता अर्थ बघणं म्हणजे पत्ता न विचारता रिक्षात बसणं. 'कियारा' घ्या. 'अंजाना अंजानी' (२०१०) या चित्रपटाच्या नायिकेचं हे नाव आज आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ते इटालियन 'क्यारा'वरून आलं म्हणाल तर अर्थ 'उजळ, स्वच्छ'. मूळ लॅटिन 'क्लारा'. आयरिश 'किआरा'वरून आलं म्हणाल तर अर्थ 'काळीसावळी, काळ्या केसांची'. एकाच पाळण्यात उजेड आणि अंधार! दोन्ही अर्थ वाईट नाहीत, पण संस्कृतात शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. 'रायन'चंही तेच. ख्रिस्ती घरातला रायन आयरिश आडनावावरून आलेला, त्याचा अर्थ 'छोटा राजा' असा सांगतात. शेजारच्या मुसलमान घरातला रय्यान अरबी. रोजे ठेवणाऱ्यांसाठी स्वर्गाचा जो दरवाजा उघडतो त्याचं हे नाव, आणि मुळात त्यात भरपूर पाण्यानं तृप्त होण्याची कल्पना आहे. हाक मारताना दोघंही वळून बघतील, नावांचं गोत्र मात्र एक नाही.

आणि 'रेयांश'? 'सूर्यकिरणाचा अंश' असा याचा अर्थ सर्रास छापतात. 'अंश' संस्कृत आहे यात वाद नाही. पण किरण या अर्थाचा 'रेय' कुठल्या संस्कृत कोशात आहे, ते सांगणाऱ्यानं दाखवावं. मला तरी त्यात इंग्रजी 'रे' दिसतो. नाव कानाला गोड आहे, आवडलं तर खुशाल ठेवा. नवी नावं घडवणं हा काही गुन्हा नाही. 'व्हेनेसा' हे नाव अठराव्या शतकात जोनाथन स्विफ्टनं आपल्या एका मैत्रिणीच्या नाव-आडनावातले तुकडे जोडून बनवलं, आणि आज मुंबईतही व्हेनेसा आहेत. फक्त घडवलेल्या नावाला 'वेदातलं नाव' म्हणून मिरवू नका. मूल मोठं होऊन संस्कृत घेतं आणि मग घरात नसते प्रश्न उभे राहतात.

कधी एका नावाची दोन मुळंही असतात आणि दोन्ही खरी असतात. 'मिलिंद' हे याचं सगळ्यांत सुंदर मराठी उदाहरण. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. कित्येक घरांत नाव ठेवताना तोच डोळ्यांपुढे असतो. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, प्रज्ञा यांच्याबरोबर जो मिलिंद घराघरांत आला, तो 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. तो राजा म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक मिनँडर. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाच्या नावातला मिलिंदही हाच. तेव्हा कुणी मिलिंद भेटला तर 'म्हणजे भुंगा ना?' असं म्हणून मोकळं होऊ नका. घर कुठलं, साल कुठलं, हे बघावं लागतं. एकाचं नाव संस्कृत काव्यातून आलं, दुसऱ्याचं एका धर्मांतराच्या निश्चयातून.

भाषा ओळखताना मराठी माणसाची नेहमी फसगत होते ती अरबी-फारसीच्या बाबतीत. जुनं, खणखणीत मराठमोळं नाव दिसलं की आपण ते संस्कृतच धरून चालतो. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजचं शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे वारकऱ्यांना प्रातःस्मरणीय. 'हैबत' हा अरबी शब्द. अर्थ धाक, दरारा. दौलतराव शिंद्यांच्या नावातली दौलत अरबी आणि फत्तेसिंगातली 'फत्ते'ही. १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढवणारे फिरंगोजी नरसाळा तर त्याहून मजेदार. 'फिरंग' शब्दाची वाट धरून मागे गेलं की फारसी-अरबीतून थेट युरोपातल्या फ्रँक लोकांपर्यंत पोचतो. यात मराठीपण उणं होतं असं मला मुळीच वाटत नाही. ज्या भाषेत दरबार चालतो तिच्यातली भारदस्त नावं लोक उचलतात. आज इंग्रजीतून उचलतात, तेव्हा फारसीतून उचलली. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते.

मग खात्री करायची कशी? संस्कृत वाटणाऱ्या नावासाठी आपटे किंवा मोनिअर-विल्यम्स यांचा कोश उघडावा. मराठी वळणाच्या नावासाठी मोल्सवर्थ, म्हणजे १८५७ ची सुधारित आवृत्ती, आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. शब्दाची वंशावळ हवी असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६). यांतले मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. फारसीसाठी माधव त्रिंबक पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश १९२५ पासून आहे. हे पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन. फारसीचा कोश करणाऱ्या मराठी प्राध्यापकानं टोपणनाव घेतलं ते रोमन वळणाचं, हाही या विषयातला एक गमतीचा दाखला. कोश बघताना एक पथ्य पाळा. नाव सबंध शोधू नका, तोडून शोधा. आणि अर्थ सापडला की त्याच भाषेत ते माणसाचं नाव म्हणून खरंच वापरतात का, हे बघा. शब्द असणं आणि नाव असणं यात फरक आहे.

शब्दार्थ हाती आला तरी हुरळून किंवा घाबरून जाऊ नका. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेला, 'अनिकेत' म्हणजे ज्याला घर नाही तो, 'अपर्णा' म्हणजे जिनं पानसुद्धा खाल्लं नाही ती. आईबापांनी चिखल, बेघरपणा किंवा उपास मनात धरून ही नावं ठेवलेली नसतात. त्यांना कमळ, शंकर आणि तप करणारी पार्वती अभिप्रेत असते. ख्रिस्ती घरातल्या 'सिसिलिया'चं मूळ आंधळेपणाच्या लॅटिन शब्दाशी जाऊन भिडतं आणि 'पॉल' म्हणजे लहान, किरकोळ. पण सिसिलिया ही संगीताची संत आहे आणि पॉल म्हटलं की ख्रिस्ती माणसाला त्याची पत्रं आठवतात. आधी कुणी ते नाव धारण केलं, यानंच नावाला वजन येतं.

आता दुसरा प्रश्न, वाटेचा. मढ, मालवणी, मनोरी, गोराई, वसई या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत आजोबा-पणजोबांची नावं विचारा. बास्त्यांव, जुवांव, सिमांव, पेद्रू, मनवेल, जुजे, पास्कोल, कायतान अशी नावं निघतील. १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढची दोनशे वर्षं बाप्तिस्म्याची नावं पोर्तुगीज पडत गेली. नाव 'आंव'वर संपलं की पोर्तुगीज वाट समजायला हरकत नाही. त्यांचा नाकातला शेवटचा स्वर आपल्या जिभेवर असा उतरला. बास्त्यांव म्हणजे सेबास्टियन, जुवांव म्हणजे जॉन, सिमांव म्हणजे सायमन. मनवेल हा हिब्रू इमॅन्युएल, 'देव आमच्याबरोबर'. पेद्रू म्हणजे पीटर, ग्रीकमध्ये खडक. हिब्रू किंवा ग्रीक शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथून पोर्तुगीजमध्ये, आणि शेवटी कोळीवाड्यातल्या मराठीत येऊन पेद्रू झाला. आपला 'दगडू' आणि त्यांचा 'पेद्रू' यांचा शब्दार्थ जवळजवळ एकच. कारणं मात्र दोन टोकांची, ते पुढे येईलच.

इंग्रजी राजवटीत हीच नावं पुन्हा वळली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या १८८७ साली इथल्या ख्रिस्ती समाजानं 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारलं, संस्था स्थापन केली आणि पोर्तुगीज रूपांच्या जागी इंग्रजी रूपं येत गेली. म्हणून एकाच घरात पणजोबा बास्त्यांव, आजोबा सेबास्टियन आणि नातू सेबी सापडतो. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत एक रूप, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. 'मनवेल' शोधताना 'इमॅन्युएल' आणि 'मॅन्युअल'ही बघा, नाहीतर समोर पडलेली नोंद हातची जाईल. हिंदू घरांना नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या याच कामी येतात. तिथं आपल्या गावाचं आणि आडनावाचं पान निघालं तर मागच्या कैक पिढ्यांची नावं एका बैठकीत वाचायला मिळतात, आणि कुठल्या पिढीत 'धोंडजी' जाऊन 'सुरेश' आला तेही दिसतं.

वाट उलटीही जाते, म्हणजे परकं नाव आपल्या वळणावर येतं. कोकणातल्या बेने इस्राएलींनी, आपल्या भाषेत शनवार तेल्यांनी, हिब्रू नावांना मराठी 'जी' लावला. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये मशीद बंदरजवळ बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल इझिकेल. नुसत्या नावावरून त्यांना कुणी मराठा सरदार समजलं तर दोष कुणाला द्यायचा?

या वाटा एकदा कळल्या की शेजारपाजारची नावं एकमेकांची भावंडं निघतात. मुसलमान घरातला यूसुफ, ख्रिस्ती घरातला जुजे किंवा जोसेफ. याकूब, जेकब आणि जेम्स. दाऊद आणि डेव्हिड. याह्या, जुवांव, जॉन, रशियातला इव्हान. मरियम आणि मारी. सगळ्यांचं मूळ हिब्रू. फरक पडला तो ती अरबीतून आली की लॅटिनमधून, एवढ्यानंच. मुसलमान नावांबाबत आपल्याकडे कारकुनांपासून शिक्षकांपर्यंत सगळे एक चूक हमखास करतात, ती इथंच सांगून टाकतो. 'अब्दुल' हे पुरतं नाव नाही. त्याचा अर्थ '-चा सेवक' एवढाच. पुढे करीम, रहीम, रज्जाक असं अल्लाहचं एखादं नाव आलं की ते पूर्ण होतं. 'अब्दुल करीम' म्हणजे त्या उदार अल्लाहचा सेवक. करीम वगळून नुसतं अब्दुल लिहिणं म्हणजे 'रामदास'मधला राम काढून 'दास' अशी हाक मारण्यासारखं. फॉर्म भरताना दोन्ही शब्द एकाच रकान्यात लिहा.

तिसरा प्रश्न 'का ठेवलं?' याचं उत्तर कुठल्याही कोशात नसतं. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे असतं, आणि ती माणसं आहेत तोवरच विचारून घ्यावं. विचारायचीही एक रीत आहे. 'आजी, तुझ्या नावाचा अर्थ काय?' असं विचारलंत तर ती हसेल आणि कामाला लागेल. 'तुझं नाव कुणी ठेवलं? त्याआधी घरात कुणाचं होतं? तू झालीस तेव्हा कुठला सण होता?' असं विचारा, मग बघा. दगडू, धोंडू, केरू, उकिरडा ही नावं मुलाला हिणवायला ठेवलेली नव्हती. आधीची मुलं हाताला लागली नव्हती. या मुलाकडे सटवाईचं किंवा कुणाच्या नजरेचं लक्ष जाऊ नये म्हणून कचऱ्याचं, दगडाचं नाव. देवाला फसवण्याची ही युक्ती जगभर आहे. चीन-व्हिएतनामच्या खेड्यांतही लाडक्या मुलाला घाणेरड्या नावानं हाक मारण्याची चाल होती. मात्र 'नकोशी' हे नाव त्या माळेत बसवू नका. ते पोरीला वाचवायला ठेवलेलं नाही. ती खरोखरच नको होती म्हणून ठेवलेलं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं जाहीर समारंभात बदलली गेली. नावाला अर्थ नसतो म्हणणाऱ्यांनी त्या मुलींना विचारावं.

वाराचं नावही असंच कारणाचं. सोमा, मंगळ्या, बुधी, शुक्र्या ही नावं वारली-ठाकरांच्या पाड्यांवर पिढ्यान् पिढ्या चालत आली. घानातल्या अकान लोकांत तर प्रत्येकाला वाराचं एक नाव असतंच. शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला, म्हणजे शुक्रवारीच जन्मले होते. पोर्तुगीज 'दोमिंगो' म्हणजे रविवार, 'नाताल' म्हणजे ख्रिसमस, आणि 'पास्कोल' ईस्टरचा, ज्याचं मूळ ज्यूंच्या 'पेसाह' या सणात. तेव्हा घरात कुणी पास्कोल होऊन गेला असेल तर आधी जन्मतारीख बघा. मार्च-एप्रिलची निघाली तर कारण बहुधा सापडलंच. मे महिन्यातली असेल तर १७ मेच्या संत पास्कल बेलोनचा माग काढा. ऑगस्टमधला कायतान ७ तारखेच्या संत कजेतानचा असणार. जानेवारीतले गास्पर आणि बाल्ताझार हे ६ तारखेच्या तीन राजांपैकी. गंमत म्हणजे बायबलात त्यांची नावं तर नाहीतच, ते तीन होते असंही लिहिलेलं नाही. तिघांचीही नावं मागाहून चिकटली आणि आज ती लोकांच्या पासपोर्टवर आहेत.

शास्त्र काय म्हणतं, असा प्रश्न बारशाच्या आधी निघतोच. शास्त्र पुष्कळ म्हणतं. पारस्कर गृह्यसूत्र सांगतं, मुलाच्या नावात सम अक्षरं असावीत, मुलीच्या विषम. मनुस्मृती तर नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये म्हणते. आणि आपल्या आज्या-पणज्या कोण? गोदावरी, यमुना, भागीरथी, रोहिणी, तुळसा! महाराष्ट्रानं तो श्लोक वाचून सोडून दिला, हे फार बरं झालं.

नावरस अक्षराचा हट्ट असेल तर एवढं लक्षात ठेवा. अवकहडा चक्रात प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं दिलेली आहेत. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. पण आर्द्रेच्या एका चरणाला 'ङ' येतो, हस्ताला 'ण', उत्तराभाद्रपदेला 'ञ'. या अक्षरांवरून नाव ठेवून दाखवा! जुन्या लोकांना ही अडचण ठाऊक होती. म्हणूनच पद्धतीत देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं अशी वेगवेगळी नावं सांगितलेली आहेत. नक्षत्राचं नाव पत्रिकेत लिहा, कानात सांगा आणि व्यवहारात आवडेल ते ठेवा. परंपरेला ते पूर्ण मंजूर आहे. गुरुजींनी 'डो' दिला म्हणून 'डोलन' शोधत रात्र जागवायची गरज नाही.

ख्रिस्ती आईबापांनाही अशीच एक धास्ती असते, संताचं नाव नसेल तर बाप्तिस्मा मिळेल का? १९१७ च्या चर्च-कायद्यात ख्रिस्ती नावाचा आग्रह होता. १९८३ च्या नव्या संहितेत, कलम ८५५ मध्ये, नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावं एवढंच म्हटलेलं आहे. म्हणून आज वसईपासून मढपर्यंत सुनील, संजय, स्नेहा अशा नावांची ख्रिस्ती माणसं सर्रास भेटतात. हौस असेल तर संताचं नाव जोडीला ठेवता येतं.

आता कागदपत्रं, कारण सुंदर नावाची वाट लागते ती इथंच. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ती रुग्णालयाकडून होते, पण तेव्हा नाव बहुतेक ठरलेलं नसतं आणि दाखल्यावर तो रकाना रिकामा राहतो. नाव १२ महिन्यांच्या आत बिनशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण थांबू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा झाला आहे. दुसरा बदल महाराष्ट्रापुरता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. तेव्हा नाव निवडताना ही चारही नावं एकामागून एक मोठ्यानं म्हणून बघा. नुसतं 'आर्या' गोड वाटतं. पुढे आईचं 'आरती' आणि वडिलांचं 'आर्यन' आलं की जीभ अडखळते.

रोमन स्पेलिंग तर बारशाच्या दिवशीच ठरवून टाकावं. आपण 'ज्ञानेश' डी-एन-वायनं लिहितो, उत्तरेकडचे लोक जी-वायनं. ऋतुजाला आपण आर-यू लावतो, दिल्लीतला कारकून आर-आय. जन्मदाखला, आधार आणि शाळा या तिन्ही ठिकाणी एकच स्पेलिंग हवं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पुढे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र करत बसावं लागतं. परदेशी जाणाऱ्या घरांनी आणखी एक जपावं. पासपोर्टात नावाचे रकाने दोनच, नाव आणि आडनाव. आपलं मधलं नाव मुलाच्या नावाला जोडून लिहिलं तर तिकडच्या शाळेत बाई हजेरीला मुलाला बापाच्या नावासकट हाक मारतात, आणि मुलीला तर ते फारच चमत्कारिक वाटतं. तिकडच्या जिभेला पेलेल का, हेही बघा. पण त्यापायी नाव इतकं गुळगुळीत करू नका की आजीला ते पाठ होणार नाही. आजीची जीभ तिकडच्या शिक्षकांपेक्षा आधी विचारात घ्यावी, असं माझं मत आहे.

आणि हाक मारून बघा, खिडकीतून, चिडून, दोनदा. कोळीवाड्यात काय किंवा चाळीत काय, नाव आठ दिवसांत आखूड होतं आणि त्याला 'या' नाहीतर 'ऊ' लागतो. तुम्ही कितीही 'अद्वैत' म्हणा, बाहेरची पोरं त्याचा 'अद्या' करणारच. आखूड झालेलं रूपही तुम्हाला चालणार असेल तरच पुढे जा.

नाव पक्कं झालं की एक कागद घ्या. त्यावर नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहा. कुणी सुचवलं, कुठल्या भाषेतलं आहे, अर्थ कुठल्या कोशात पाहिला, आणि का ठेवलं, हेही लिहा. देवावरून, आजोबांवरून, सणावरून की नुसतं आवडलं म्हणून. 'नुसतं आवडलं' हेही उत्तर चालतं. कोणती नावं मागे पडली आणि कुणाच्या विरोधामुळे, तेही लिहायला हरकत नाही. तारीख घाला आणि कागद लसीकरणाच्या कार्डाबरोबर फाइलला लावून ठेवा. एक प्रत आत्याला द्या. ऐन पाळण्याशी वाकल्यावर ती कानात भलतंच नाव सांगून मोकळी होते, असं पूर्वीपासून होत आलं आहे.